उपग्रहाच्या कमांड लिंकला एन्क्रिप्शन: चिप कोणती, हा नंतरचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधारण 500 किलोमीटर उंचीवरचा लहान उपग्रह, अपेक्षित आयुष्य तीन वर्षं, कमांड लिंकवर (जमिनीवरून उपग्रहाला हुकूम पाठवायच्या रेडिओ-मार्गावर) एईएस-256 हे एन्क्रिप्शन लावायचं ठरलंय. त्यासाठी महागडी रेडिएशन-हार्ड (किरणोत्सर्ग सोसणारी) क्रिप्टो चिप घ्यावी, की ऑनबोर्ड कॉम्प्युटरच्या मायक्रोकंट्रोलरवर सॉफ्टवेअर एईएस चालवलं तरी भागेल? आणि शेवटी, क्वांटम कॉम्प्युटरची काळजी आत्ताच करायची का?

चिपचं उत्तर देतोच, पण त्याआधी प्रश्न जरा सरकवून घेऊ. कुणी एईएस फोडून उपग्रहात शिरेल ही शक्यता मी यादीत पार तळाला ठेवतो. वर दोन वेगळ्याच गोष्टी असतात. एक, कुणीतरी तुमची खरी कमांड रेकॉर्ड करून नंतर जशीच्या तशी पुन्हा पाठवेल, किंवा जमिनीवरच्या नेटवर्कमध्ये घुसून तुमच्याच यंत्रणेकडून हवी ती पाठवून घेईल. दोन, कक्षेत एखाद्या कणाच्या धक्क्याने मेमरीतला बिट उलटेल (0 चा 1 किंवा 1 चा 0 होईल) आणि उपग्रह तुमचीच खरी कमांड खोटी ठरवून फेकून देईल. पहिल्या प्रकाराला शत्रू लागतो. दुसऱ्याला कुणीच लागत नाही, एक प्रोटॉन पुरतो. तेव्हा मुद्दा असा की, खरी कमांड नाकारली जाऊ लागली तर उपग्रह स्वतःहून सावरणार कसा, आणि ती सावरायची वाट चोराच्या उपयोगी पडणार नाही ना? हे कागदावर ठरलं असेल तर चिप निवडायला फार डोकं लागत नाही.

कमांड न ऐकणारा उपग्रह कसा असतो हे 2010 मध्ये दिसलं होतं. इंटेलसॅटचा गॅलॅक्सी-15 एप्रिलमध्ये कमांड घेईनासा झाला. ट्रान्सपाँडर मात्र चालूच राहिले आणि तो तसाच भूस्थिर कक्षेत शेजाऱ्यांच्या जागांमधून सरकत गेला. डिसेंबरअखेरीस बॅटरी पूर्ण उतरली, कमांड घेणारं युनिट रीसेट झालं आणि तो पुन्हा ऐकू लागला. तिथे एन्क्रिप्शनचा काही संबंध नव्हता. पण मधले आठ महिने जमिनीवरून काही करता येईना आणि शेवटी कामाला आला तो रीसेट, एवढं लक्षात ठेवा.

आता एन्क्रिप्शन आणि रेडिएशन एकमेकांना कसे भिडतात ते बघू. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटलेला बिट बरेचदा तेवढ्यापुरताच राहतो: तापमानाचं एखादं रीडिंग चुकतं, चित्रात एक ठिपका उमटतो. एईएसची घडणच अशी की एका बिटाचा फरक अख्ख्या 128 बिटांच्या ब्लॉकभर पसरावा. एईएस-256 ची मूळ किल्ली 32 बाइटची असते, पण वापरताना तिच्यापासून 15 राउंड-किल्ल्या तयार होतात. त्या झाल्या 240 बाइट, म्हणजे 1920 बिट, आणि त्या रॅममध्ये पडून असतात. यातला एक बिट उलटला की पुढच्या प्रत्येक फ्रेमचा (कमांडच्या पाकिटाचा) टॅग, म्हणजे ती खरी असल्याची किल्लीने काढलेली खूण, चुकीचा निघतो. जीसीएम (एन्क्रिप्शन आणि टॅग एकत्र करणारी एईएसची पद्धत) वापरत असाल तर टॅगसाठी लागणारी 16 बाइटची हॅश-किल्लीही त्याच रांगेत बसते. टॅग जुळला नाही तर फ्रेम टाकून द्यायची, हा नियम बरोबरच आहे. यंत्रणा ठरल्याबरहुकूम वागते आणि तुम्ही बाहेर राहता. कुलूप इतकं पक्कं की मालकच पायरीवर बसून.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. बहुतेक लायब्रऱ्यांच्या उदाहरणांत बूट होताना एकदा किल्ली भरतात आणि राउंड-किल्ल्या महिनोन्महिने तशाच ठेवतात. सर्व्हरवर ते शहाणपणाचं असेल, कक्षेत नाही. कमांड लिंक मुळातच संथ असते. 4000 बिट प्रति सेकंद या वेगाने 1024 बाइटची फ्रेम, म्हणजे सीसीएसडीएस या अंतराळ-डेटाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या टेलिकमांड फ्रेमची कमाल लांबी, आत यायलाच दोन सेकंद लागतात. तेवढ्यात साधा मायक्रोकंट्रोलर राउंड-किल्ल्या कितीतरी वेळा नव्याने काढू शकतो. म्हणून प्रत्येक फ्रेमला मूळ किल्ली वाचा, तिचा सीआरसी (चूक पकडणारा तपास-आकडा) तपासा, राउंड-किल्ल्या नव्याने काढा, काम झालं की पुसून टाका. बिट उलटलाच तर एक फ्रेम जाईल, मोहीम जाणार नाही.

दुसरा उपाय थोडा वेळ खातो, पण मी तो सोडत नाही. टॅग दोनदा काढायचा, दोन वेगळ्या मेमरी-जागांमध्ये. दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील तर चूक घरातली आहे, पुन्हा काढा. दोन्ही एकमेकांशी जुळतात पण आलेल्या टॅगशी जुळत नाहीत, तर फ्रेमच खराब किंवा खोटी आहे, टाकून द्या. या दोन घटनांचे वेगवेगळे काउंटर टेलिमेट्रीत (उपग्रहाकडून खाली येणाऱ्या माहितीत) पाठवा. हे दोन आकडे एकत्र मिसळलेले असले की जमिनीवर बसून ‘कुणी हल्ला करतंय की रॅम बिघडतेय’ यावर नुसते तर्क चालतात.

तपासणीचा निकालही जपून ठेवावा लागतो. ‘टॅग बरोबर’ म्हणजे 1 आणि ‘चूक’ म्हणजे 0 असं ठेवलंत, तर तपासणी आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या क्षणी उलटलेला एक बिट खोटी कमांड खरी करू शकतो. शक्यता अगदी कमी आहे, पण उपाय एका ओळीचा आहे: बरोबर म्हणजे 0xए53सी, चूक म्हणजे 0x5एसी3, आणि तिसरं काहीही दिसलं तर चूकच समजायचं. या दोन आकड्यांत सोळाच्या सोळा बिट वेगळे आहेत, एका प्रोटॉनला ते जमणार नाही.

आता काउंटर. जास्त वेळ मी यावरच घालवतो, कारण डिझाइन रिव्ह्यूमध्ये सगळे अल्गोरिदमवर बोलतात आणि काउंटरला एक ओळ मिळते. जुनी कमांड पुन्हा वाजवली जाऊ नये म्हणून प्रत्येक कमांडला चढता क्रमांक असतो आणि उपग्रह शेवटचा स्वीकारलेला क्रमांक लक्षात ठेवतो. (सीओपी-1 या सीसीएसडीएसच्या फ्रेम पोचवण्याच्या पद्धतीतला फ्रेम क्रमांक या कामाचा नाही. तो 8 बिटांचा आहे, 256 फ्रेमनंतर फिरून पहिल्यावर येतो, आणि तो हरवलेल्या फ्रेमसाठी आहे, चोरांसाठी नाही.) समजा उपग्रहाने 5412 लक्षात ठेवलाय आणि 32 बिटांच्या काउंटरचा सगळ्यात वरचा बिट उलटला. आता त्याच्या मते शेवटचा क्रमांक 2147489060 आहे. तुमची पुढची कमांड 5413. जुनी आहे, फेकून दे. किल्ली बरोबर, टॅग बरोबर, सगळं बरोबर, तरी दार बंद.

म्हणून काउंटरच्या तीन प्रती ठेवा, प्रत्येकीला स्वतःचा सीआरसी, शक्य असेल तर वेगवेगळ्या मेमरी चिपमध्ये, आणि वाचताना बहुमत घ्या. आणि शेवटचा स्वीकारलेला क्रमांक टेलिमेट्रीत खाली येऊ द्या. सीसीएसडीएसच्या एसडीएलएस या लिंक-सुरक्षा मानकाच्या विस्तारित कार्यपद्धतींमध्ये यासाठी 32 बिटांचा फ्रेम सिक्युरिटी रिपोर्ट आहे: टॅग चुकला, क्रमांक चुकला की सिक्युरिटी असोसिएशन (कोणती किल्ली आणि पद्धत वापरायची याची नोंद) चुकली यांचे वेगवेगळे बिट आणि शेवटच्या क्रमांकाचा शेपटाकडचा भाग त्यात असतो. तो लावला की काय बिघडलंय हे एका पासमध्ये (उपग्रह स्टेशनवरून जातानाच्या एका फेरीत) कळतं.

काउंटरची दुसरी बाजू याहून घातक आहे. लॅच-अप (कणाच्या धक्क्याने चिपमध्ये शॉर्टसर्किटसारखी स्थिती) झालं, करंट चढला, संरक्षक सर्किटने बोर्डची वीज तोडून पुन्हा दिली. रेडिएशनच्या दृष्टीने उत्तम वागणूक. पण काउंटर फक्त रॅममध्ये असेल तर तो शून्यावर आला, आणि ज्याने तुमच्या कमांड टिपून ठेवल्यात त्याला त्या सगळ्या पुन्हा वाजवायला मोकळीक मिळाली. टेलिमेट्री जीसीएमने एन्क्रिप्ट करत असाल तर आणखी वाईट. तिथे नॉन्स (प्रत्येक संदेशासाठी एकदाच वापरायचा आकडा) उपग्रह स्वतः तयार करतो, आणि जीसीएममध्ये एकाच किल्लीखाली तोच नॉन्स दोनदा वापरला गेला की दोन संदेशांचा एक्सऑर (त्यांच्यातला बिटागणिक फरक) उघडा पडतोच, शिवाय टॅगची हॅश-किल्ली काढून खोटे टॅग बनवण्याचा रस्ता मोकळा होतो. एका रीसेटने एवढं होतं. पण प्रत्येक फ्रेमला फ्लॅशमध्ये लिहीत बसलात तर फ्लॅश झिजेल. त्यावर जुनी युक्ती आहे: काउंटर आगाऊ लिहायचा. कायमस्वरूपी मेमरीत 10000 लिहा आणि तिथपर्यंत रॅममधून वापरा. तिथे पोचायच्या आत 20000 लिहा. मध्येच रीसेट झालं तर लिहिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. मधले काही क्रमांक वाया जातील, जाऊ द्या. क्रमांक स्वस्त आहेत. अपलिंकसाठी हीच युक्ती वापरलीत तर रीसेटनंतर जमिनीवरून त्या आकड्याच्या पुढे उडी मारायला विसरू नका.

किल्ल्या कुठे ठेवायच्या हे चिपवर अवलंबून आहे, पण एक सापळा सगळीकडे सारखाच असतो. एक बिट दुरुस्त करणारी आणि दोन बिटांची चूक फक्त ओळखणारी ईसीसी मेमरी असली की लोक निर्धास्त होतात. ती दुरुस्ती वाचताना होते. रोजची किल्ली रोज वाचली जाते, तिची काळजी नाही. राखीव किल्ली तीन वर्षांत एकदाही वाचली जात नाही, आणि तेवढ्या काळात एकाच शब्दात दोन बिट उलटायला भरपूर सवड मिळते. ज्या दिवशी तिची गरज पडेल त्याच दिवशी ती कुजलेली सापडेल. म्हणून ठरावीक वेळाने सगळ्या किल्ल्या वाचून, दुरुस्त करून परत लिहिणारं स्क्रबिंग हवंच. एमरॅम आणि एफरॅम या वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरींच्या पेशी बिट उलटण्याला चांगल्या पुरतात, पण त्यांच्याभोवतीचं नियंत्रक सर्किट पुरेलच असं नाही. फ्लॅशमध्ये किरणोत्सर्गाचा एकूण डोस वाढत गेला की आधी मान टाकतो तो लिहिण्या-पुसण्याचा चार्ज पंप. म्हणजे जुन्या किल्ल्या वाचता येतात, नव्या लिहिता येत नाहीत.

आता सावरण्याची वाट. बरेच जण इथे सोपा मार्ग काढतात: सेफ मोडमध्ये (बिघाडात कमीत कमी कामं चालू ठेवण्याच्या अवस्थेत) गेलं की एन्क्रिप्शन बंद, कमांड उघडी घ्यायची. मला हे अजिबात पटत नाही. उपग्रहाला सेफ मोडमध्ये ढकलणं हे किल्ली चोरण्यापेक्षा खूप सोपं काम आहे. तुमची लिंक पुरेसे दिवस जॅम केली तरी कमांड-लॉस टायमर (बराच काळ कमांड न आल्यास सेफ मोड लावणारं घड्याळ) संपतो. मग दार सताड उघडं. नासाच्या 2019 च्या एसटीडी-1006 या मानकात याबद्दल स्पष्ट नियम आहे: मुख्य कमांड लिंक एन्क्रिप्टेड असेल तर पर्यायी लिंकला निदान ऑथेंटिकेशन (पाठवणाऱ्याची ओळख पटवणं) असलंच पाहिजे.

मी पायऱ्या अशा लावतो. ठरलेल्या तासांत एकही प्रमाणित कमांड आली नाही तर आधी कमांड डिकोडर रीसेट. तरीही नाही, तर दुसरा डिकोडर किंवा दुसरा रिसीव्हर. तरीही नाही, तर राखीव मूळ किल्ली, जी वेगळ्या जातीच्या मेमरीत आहे, जमल्यास हार्डवेअरमध्येच पक्की केलेली, आणि जिचा काउंटर वेगळा आहे. युरोपियन अंतराळ संस्थेने 2019 मध्ये अंतराळ स्थानकाच्या कोलंबस विभागात क्रिप्टआयसी नावाचा एक छोटा प्रयोग नेमका यावरच चालवला होता. त्यात एक मार्ग हार्डवेअरमधल्या राखीव किल्लीचा होता, दुसरा एफपीजीएवर (आतलं सर्किट नंतर ठरवता येणाऱ्या चिपवर) एकसारखे अनेक कोअर ठेवून बिघडलेला बदलण्याचा. पहिल्याची अडचण उघड आहे: हार्डवेअरमध्ये किल्ल्या मोजक्याच बसतात. म्हणून त्या रोज वापरायच्या नाहीत. उघड्या कमांडची सोय ठेवणं टळतच नसेल, तर ती डिकोडर बदलणं आणि रीसेट एवढ्यापुरती ठेवा. थ्रस्टर, किल्ली बदलणं आणि सॉफ्टवेअर अपलोड त्या वाटेने कधीच नाही.

किल्ली बदलताना एक पथ्य: नव्या किल्लीने पाठवलेली पहिली कमांड स्वीकारली गेल्याचं टेलिमेट्रीत दिसेपर्यंत जुनी किल्ली मारायची नाही. वाचताना बाळबोध वाटेल, पण पास संपत आलेला असताना घाईत हेच सुटतं.

इथवरचं थोडक्यात: राउंड-किल्ल्या दर फ्रेमला नव्या, टॅग दोनदा, काउंटर तीन प्रतींत आणि आगाऊ लिहिलेला, राखीव किल्लीचं स्क्रबिंग, आणि सावरण्याच्या प्रत्येक पायरीवर ऑथेंटिकेशन. या सगळ्यात अजून महागडी चिप आलेली नाही.

आता ती चिप. उत्तर परिस्थितीवर आहे, पण तुम्ही दिलेल्या माहितीवर मी कौल देऊ शकतो. 500 किलोमीटरवर तीन वर्षांत काही मिलिमीटर ॲल्युमिनियमआड एकूण डोस सहसा थोड्याच किलोरॅडच्या घरात राहतो. नेमका आकडा कक्षेचा कल, सौरचक्र आणि बोर्ड कुठे बसवलाय यावर ठरतो. बाजारातले बरेच मायक्रोकंट्रोलर एवढं सोसतात. एकूण डोसपेक्षा तुम्हाला जास्त त्रास देतील त्या एकेका कणाच्या घटना, विशेषतः दक्षिण अटलांटिक विसंगती (जिथे किरणोत्सर्गाचा पट्टा पृथ्वीच्या जवळ येतो) आणि ध्रुवांवरून जाताना. म्हणून निवडीचे निकष मी असे धरतो: लॅच-अपची चाचणी झालेला भाग, ईसीसी असलेली रॅम, बाहेरचा स्वतंत्र वॉचडॉग (अडकलेला कॉम्प्युटर रीसेट करणारा टायमर), आणि करंट चढला की वीज तोडणारं सर्किट. थ्रस्टर नसेल तर एवढ्यावर सॉफ्टवेअर एईएस मी मान्य करेन.

थ्रस्टर असेल, किंवा तोच बोर्ड पुढे पंधरा वर्षांच्या भूस्थिर मोहिमेवर न्यायचा असेल, तर माझं उत्तर बदलतं. तिथे ऑथेंटिकेशन कॉम्प्युटरच्या आधी, डिकोडरच्या एफपीजीएमध्येच हवं. कारण रीसेट आणि युनिट बदलण्यासारख्या काही कमांड मुख्य सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट हार्डवेअरला जातात. ऑथेंटिकेशन सॉफ्टवेअरमध्ये असेल तर सगळ्यात ताकदवान कमांडच बिनतपासणीच्या राहतात. एफपीजीए घेताना एसरॅमवर चालणारा की फ्लॅश किंवा अँटिफ्यूजवर चालणारा हे आधी बघा. एसरॅमवाल्यात उलटलेला बिट डेटा नव्हे तर सर्किटच बदलतो, आणि त्याला सतत स्क्रबिंग लागतं. आरटीजी4 सारख्या फ्लॅशवाल्यात कॉन्फिगरेशनची ती काळजी उरत नाही.

अल्गोरिदमबद्दल एकच आग्रह. ‘एईएस-256 लावलंय’ एवढ्याने काहीच कळत नाही. टॅगशिवाय नुसतं सीटीआर (फक्त लपवणारी एईएसची पद्धत) लावलंत, तर कमांडची रचना माहीत असलेला माणूस किल्ली नसताना सायफरटेक्स्टमधला हवा तो बिट उलटवू शकतो, आणि आत नेमका तोच बिट उलटतो. कमांडला लपवण्याआधी ओळख पटवणं लागतं. सीसीएसडीएसच्या एसडीएलएसमध्येही टेलिकमांडसाठी सुचवलेली पायाभूत पद्धत सीमॅकने (एईएस वापरून काढलेल्या टॅगने) ऑथेंटिकेशनची आहे, एन्क्रिप्शनची नाही. हौशी रेडिओच्या पट्ट्यात असाल तरी अडचण नाही: तिथे अर्थ लपवण्याला मनाई आहे, पण आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत उपग्रहाच्या नियंत्रण-संकेतांना अपवाद दिलेला आहे, आणि टॅग तर काही लपवतच नाही.

जमिनीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे दुर्लक्ष करून चालणार नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये व्हायासॅटच्या केए-सॅट सेवेचे हजारो मोडेम बंद पडले. हल्लेखोर उपग्रहाला न शिवता जमिनीवरच्या व्यवस्थापन नेटवर्कमधून आले होते. म्हणून टॅग भाड्याच्या ग्राउंड स्टेशनवर काढू नका, तुमच्या नियंत्रण कक्षात काढा. स्टेशनने फक्त तयार फ्रेम पुढे पाठवावी. प्रक्षेपणाआधी चाचणीच्या किल्ल्या उड्डाणाच्या बोर्डवर उरलेल्या नाहीत हे तपासा, आणि भरलेली किल्ली पडताळायला किल्ली कागदावर छापू नका. शून्यांच्या ब्लॉकचा सीमॅक दोन्हीकडे जुळवा, काम होतं.

चाचणीसाठी प्रवेगकातल्या कणांच्या बीमची वेळ मिळाली तर नुसती मेमरी चाचणी चालवून ती वाया घालवू नका, कमांड स्वीकारण्याचं पूर्ण सॉफ्टवेअर चालू ठेवून घ्या. बीम नाही मिळाला तरी डीबगर आहेच: मूळ किल्ली, राउंड-किल्ल्या, काउंटर, निकालाचा शब्द यातला एकेक बिट आळीपाळीने उलटवा आणि बोर्ड हात न लावता सावरतो का ते बघा. एका रात्रीत स्क्रिप्ट हे सगळं करून टाकते.

राहता राहिला क्वांटम. आधीच भरलेल्या 256 बिटांच्या गुप्त किल्लीवर चालणाऱ्या कमांड लिंकला त्याची आज चिंता नाही. धोका आहे तो सार्वजनिक किल्लीच्या पद्धतींना, आणि तुम्ही त्या कमांड लिंकवर वापरत नाही आहात. वापरायच्या म्हटल्या तरी क्वांटमपुढे टिकण्यासाठी बनवलेल्या नवीन एमएल-डीएसए सहीचा सगळ्यात लहान प्रकार 2420 बाइटचा आहे, आणि तुमची अख्खी कमांड फ्रेम 1024 बाइटची. सॉफ्टवेअर अपलोडवर सही करणार असाल तर मात्र आत्ताच विचार करा. तिथे फाइल मोठी असते, दोन-चार किलोबाइटची सही खपून जाते, आणि एलएमएससारख्या हॅश-आधारित सह्या त्यासाठी चालतात. त्यांनाही एक काउंटर लागतो आणि तीच एकदा-वापराची किल्ली दोनदा वापरून चालत नाही, फक्त तो काउंटर जमिनीवर असतो. सही करणाऱ्या मशीनचा जुना बॅकअप परत चढवताना हे विसरू नका.